फेर धरणारे उपनगर

पुण्याच्या पश्चिमेस, म्हातोबाच्या टेकडीच्या पायथ्याशी आणि पौडमार्गे मुळशी खोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेस, दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत ज्वारी-बाजरीची शेते आणि मोजकी घरे घेऊन वसलेले कोथरूड हे गाव आज महानगरपालिकेच्या हद्दीतील अत्यंत गजबजलेल्या उपनगरांपैकी एक होऊन बसले आहे. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटून मुठेकाठच्या पेठांची वाताहत झाली, तेव्हापासून नदी ओलांडून पलीकडे राहावयास जाण्याचा जो ओघ सुरू झाला, तो पुढे कर्वे रस्ता आणि पौड रस्ता यांच्या दुतर्फा सहकारी गृहरचना संस्थांच्या आणि बंगल्यांच्या रूपाने स्थिरावला. डहाणूकर कॉलनी, मयूर कॉलनी, आयडियल कॉलनी अशा नावांच्या वसाहती शेतांवर उभ्या राहिल्या. त्याच काळात टेकडीच्या उतारावर सुतारदरा, किष्किंधानगर यांसारख्या कष्टकऱ्यांच्या वस्त्या वाढल्या. आणि या दोहोंच्या मधोमध, म्हातोबाच्या देवळाभोवती, मूळच्या गावकऱ्यांचे गावठाण आपल्या भाऊबंदकीसह, तालमीसह आणि जत्रेसह टिकून राहिले. 6 मार्च 2022 रोजी वनाज ते गरवारे महाविद्यालय अशी मेट्रो धावू लागली, तेव्हा तिच्या उंच मार्गावरून जाणाऱ्या उतारूला हे तीनही कोथरूड एका नजरेत दिसू लागले. एका नजरेत दिसणारी ही तीन गावे एकमेकांना ओळखतात का, हा प्रश्न मात्र मेट्रोने सुटणारा नव्हता.

पेठेतल्या वाड्यात शेजार हा निवडीचा विषय नव्हता; एकच नळ, एकच चौक, एकच जिना, त्यामुळे भांडणापुरती का होईना, माणसांची एकमेकांशी गाठ पडत असे. सदनिकेचे दार ओढून घेतले की ती सक्ती संपते. गावठाणातला माणूस सोसायटीतल्या माणसाला दुकानदार म्हणून भेटतो आणि टेकडीवरची बाई मोलकरीण म्हणून भेटते; व्यवहार आटोपला की संबंधही आटोपतो. अशा विखुरलेल्या वस्तीला एक गाव करण्याचे जे थोडे उपाय समाजाच्या हाती आहेत, त्यांतला सर्वांत जुना आणि आजही सर्वांत कमी खर्चाचा उपाय म्हणजे ज्या कलांना प्रेक्षक लागत नाही अशा कला, हे मला या उपनगराकडे पाहताना वारंवार जाणवले आहे.

भोंडल्याचेच पाहावे. घटस्थापनेपासून पुढे आश्विनातल्या एखाद्या संध्याकाळी सोसायटीच्या वाहनतळावरील गाड्या बाजूला घेऊन मध्यभागी एक पाट मांडला जातो. पाटावर रांगोळीने किंवा धान्याने हत्ती रेखाटतात, कोणाच्या घरी लाकडी हत्ती असला तर तोच आणून ठेवतात, झेंडूची माळ घालतात, आणि त्याच्याभोवती मुली व बायका हातात हात गुंफून फेर धरतात. सूर्य हस्त नक्षत्रात जातो तो काळ, साधारणतः 27 सप्टेंबरच्या पुढचा. पावसाळा सरत आलेला असतो, शेते भरलेली असतात, आणि हस्ताचा हत्ती हे त्या भरल्या मेघाचे व समृद्धीचे प्रतीक मानले जाते. देशावर यालाच हादगा म्हणतात आणि तो सोळा दिवस चालतो. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, असा चढता क्रम लावण्याचा शिरस्ता पुष्कळ ठिकाणी अजून पाळला जातो. विदर्भ-खानदेशात हेच रूप भुलाबाई या नावाने भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर नांदते, आणि तेथे हत्तीऐवजी शंकर-पार्वतीच्या मातीच्या मूर्ती असतात. कोथरूडमध्ये नोकरीधंद्यानिमित्त सर्व जिल्ह्यांतून माणसे आलेली असल्यामुळे एकाच फेरात हादग्याची, भोंडल्याची आणि भुलाबाईची अशी तिन्ही घराण्यांची गाणी एकामागून एक निघतात. एकीला जे पाठ असते ते दुसरीने कधी ऐकलेले नसते, आणि तरीही फेर तुटत नाही.

तो का तुटत नाही, हे समजून घेण्याजोगे आहे, कारण समाज जोडण्याची युक्ती त्या गाण्यांच्या बांधणीतच दडलेली आहे. ही गाणी बहुधा साखळीसारखी असतात: एक कडवे सासूचे, दुसरे सासऱ्याचे, मग दिराचे, जावेचे, नणंदेचे, नाते तेवढे बदलते, बाकी ओळ तीच राहते. त्यामुळे नागपूरहून मागच्या महिन्यात आलेली सूनही दुसऱ्या कडव्यापासून सर्वांबरोबर गाऊ लागते, आणि चार वर्षांची पोर शेवटच्या शब्दापुरती का होईना, सूर मिसळते. चाल साधी, स्वरांचा पल्ला आखूड, पावले ठरलेली. ज्या कलेत प्रावीण्याची अट नाही आणि तरीही आनंदात उणीव नाही, अशी ही कला सासरच्या जाचाला तोंड फोडण्यासाठी बायकांनी आपसांत घडविली, आणि ती घडविताना परकीलाही दोन फेऱ्यांत आपली करून घेण्याची सोय तिच्यात करून ठेवली.

शेवटी येते ती खिरापत, आणि माझ्या मते सर्व भोंडल्याचे मर्म तेथे आहे. ज्या घराची पाळी असेल त्या घरची बाई झाकलेला डबा घेऊन उभी राहते आणि बाकीच्यांनी आतला पदार्थ ओळखायचा असतो. गोड की तिखट, कोरडे की ओले, वाफवलेले की तळलेले, असे प्रश्न सुरू होतात, डबा हलवून आवाज ऐकविला जातो, आणि लाडू, करंजी, वाटली डाळ, साबुदाण्याचे वडे अशी पुण्याची नेहमीची यादी संपली तरी उत्तर येत नाही, तेव्हा झाकण उघडून नागपूरकडची सांबारवडी बाहेर निघते. पाळी रोज नव्या घराची असल्यामुळे नवरात्र संपेपर्यंत इमारतीतल्या अनेक स्वयंपाकघरांची सर्वांना ओळख झालेली असते. कोण कोठची, कोणाच्या माहेरी काय करतात, कोणाला काय वर्ज्य, हे कळते. सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत वर्षानुवर्षे शेजारी बसूनही जे कळत नाही, ते एका डब्याने कळते.

येथे एका गोष्टीचा स्पष्ट उल्लेख केला पाहिजे. कोथरूडला लागून असलेल्या हिंगण्याच्या माळावर, रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या सहा एकर जमिनीत, 1900 साली एका झोपडीत महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी आपला विधवांचा आश्रम आणला. ज्या संस्थेचा आरंभ त्यांनी 1896 मध्ये केला होता, तिच्यासाठी ते फर्ग्युसन महाविद्यालयातले अध्यापन संपवून चिखलातून पायी येत असत. आज त्यांच्याच नावाच्या रस्त्याच्या दुतर्फा जे उपनगर वसले आहे, तेथे चैत्राच्या किंवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे आमंत्रण जेव्हा पती वारलेल्या बाईच्या दारावरून पुढे जाते, तेव्हा परंपरेने माणसे जोडली जातात हे विधान अर्धेच खरे ठरते. परंपरा माणसे वगळतेही. भोंडला मूळचा कुमारिकांचा खेळ असल्यामुळे त्याला सौभाग्याची अट नाही, आणि म्हणूनच फेरात शिरताना कोणी कोणाचे कपाळ पाहत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्यास प्रोत्साहन देणारे परिपत्रक काढले. शहरातल्या सोसायट्यांना असा ठराव करण्यास कोणाच्या हुकुमाची गरज नाही. ज्यांनी हळदीकुंकू सर्व स्त्रियांना खुले केले आहे त्यांनी परंपरेची हानी केलेली नाही, तिला कर्व्यांच्या शेजारास शोभेल असे रूप दिले आहे, असे मी मनापासून मानतो.

भोंडला इमारतीच्या आतली माणसे जोडतो. परंतु सोसायटी, गावठाण आणि टेकडीवरची वस्ती यांना एकत्र आणण्याचे काम त्याच्याने होत नाही, कारण त्याचे अंगण फाटकाच्या आत असते. ते काम कोथरूडमध्ये कोणी करीत असेल तर ढोल. मुळशी, मावळ आणि वेल्हे या भागांतील गावांच्या जत्रांतून ढोल-लेझमीचे खेळ पूर्वापार चालत आलेले आहेत, आणि पौड रस्ता हा त्या खोऱ्यांतून पुण्यात येण्याचा एक मार्ग असल्यामुळे गावठाणातल्या तालमींना हे वाद्य कधी परके नव्हते. शहरी मध्यम वर्गाच्या हाती ते उशिरा आले: 1962 साली अप्पासाहेब पेंडसे यांनी स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीसारख्या शिक्षणसंस्थांनी हे खेड्यातले वाद्य शाळकरी मुलांच्या कमरेला बांधले, विसर्जनाच्या मिरवणुकीत आणले, आणि त्यानंतर काही दशकांत पुण्यात पथकांची जी वाढ झाली तिला मर्यादा राहिली नाही.

पावसाळ्यात सरावाच्या ठिकाणी जाऊन पाहावे. ढोल कमरेला दोरीने किंवा कापडाने आवळून बांधलेला. उजव्या हातात टिपरू, डाव्या हाताची थाप. पुढे गळ्यात ताशा अडकवून दोन बारीक काड्यांनी तडतड उठविणारे ताशेवाले, ज्यांच्या इशाऱ्यावर शंभर ढोलांनी एकाच क्षणी ठोका द्यायचा आणि एकाच क्षणी थांबायचे. हवा दमट असली की पान सैल पडते, ढोल उतरतो, आणि मग दोघे-तिघे मिळून दोऱ्या ओढून तो ताणतात. एकाने पायाने ढोल दाबून धरायचा, दुसऱ्याने दोरी खेचायची, तिसऱ्याने थाप मारून नाद तपासायचा. संगणकाच्या कंपनीत काम करणारी मुलगी, गावठाणातल्या दूधवाल्याचा मुलगा आणि सुतारदऱ्यातला विद्युतकामाचा शिकाऊ मुलगा ही तीन माणसे एका दोरीवर जोर लावताना अन्यत्र कोठे दिसतील? त्यांच्यात कोणी कोणाचा मालक नाही, कोणी ग्राहक नाही; ताल चुकला तर तिघांचा चुकतो. पहिल्या आठवड्यात बोटांना फोड येतात, खांदे भरून येतात, आणि त्या वेदनेत एक समता आहे जी व्याख्यानाने उत्पन्न होत नाही.

अर्थात ढोलाविषयीच्या तक्रारींना कारण आहे आणि ते लपविण्यात हशील नाही. शेकडो ढोल एकाच अरुंद रस्त्यावर वाजू लागले म्हणजे आजाऱ्यांना, वृद्धांना आणि तान्ह्या मुलांना जो त्रास होतो तो खरा आहे. राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट 2024 मध्ये पुण्यातील एका पथकात 30 पेक्षा अधिक माणसे नसावीत अशी मर्यादा घातली. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या मर्यादेला स्थगिती दिली. कायद्याचा निवाडा काय होईल तो होवो. पथकांनी आपली मर्यादा आपणच मुकरर करणे, रुग्णालयापुढून जाताना टिपरू खाली ठेवणे आणि मिरवणुकीची वेळ पाळणे यांतच त्यांचे हित आहे. ज्या शेजाऱ्याची झोप मोडली तो शेजारी जोडला गेला असे म्हणता येत नाही.

कलेने समाज जोडण्याचा प्रयोग पुण्याला नवा नाही, आणि त्याचा पूर्वेतिहास केवळ गोड नाही. 1893-94 च्या सुमारास भाऊसाहेब रंगारी, लोकमान्य टिळक आणि त्यांचे सहकारी यांच्या खटपटीने गणेशोत्सव माजघरातून चौकात आला, तेव्हा त्याच्याबरोबर मेळे आले: एकसारख्या पोशाखातील तरुणांची पथके, जी पदे म्हणत, लेझीम खेळत, आणि देवाच्या निमित्ताने देशाविषयी बोलत. सरकारी अंमलदार त्यांच्या पदांवर नजर ठेवून असत, यावरूनच त्यांचे सामर्थ्य ध्यानात येते. परंतु 1920 नंतरच्या दशकात याच पुण्यात सन्मित्र मेळा आणि केशवराव जेधे यांच्या पुढाकाराने निघालेला छत्रपती मेळा यांच्यात ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाचे असे रण माजले की, ज्या पदांनी माणसे एकत्र यावयाची त्याच पदांनी ती समोरासमोर उभी ठाकली. छत्रपती मेळ्याच्या तरुणांची बाजू अकारण नव्हती; ज्या उत्सवात आपल्याला दुय्यम स्थान मिळते त्या उत्सवात आपला आवाज वेगळा काढण्याचा त्यांना अधिकार होता. यातून निघणारा निष्कर्ष असा की, लोककला हे वाद्य आहे आणि त्यातून एकोपा निघेल की वैर, हे ते कोणाच्या हाती आहे आणि कोणाला वाजविण्याची मुभा नाही यावर ठरते.

हीच गोष्ट सत्यशोधकांनी फार आधी ओळखली होती. 24 सप्टेंबर 1873 रोजी जोतीराव फुले यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि त्या समाजाच्या कार्यकर्त्यांनी पुढे तमाशाचे रूप घेऊन जलसे उभे केले. वाचता न येणाऱ्या रयतेला जे पुस्तकातून सांगता येत नव्हते ते डफ-तुणतुण्यावर सांगितले. भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलशातून तीच वाट पुढे नेली. 4 जून 1941 रोजी पुन्हा उभारलेल्या राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने आणि 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख व गवाणकर यांनी काढलेल्या लाल बावटा कलापथकाने पोवाडा आणि लोकनाट्य गावोगाव नेले; संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शाहिराच्या डफाने जी माणसे मैदानात आणली, त्यांच्या बळावर 1 मे 1960 चा दिवस उगवला. बाहेरच्या जगातही असे दाखले आहेत. एस्तोनिया या बाल्टिक समुद्राकाठच्या लहानशा देशात 1869 साली तार्तू येथे पहिला गीतोत्सव भरला, हजारो माणसांनी एकत्र गाण्याची ती रूढी परक्या सत्तांच्या काळातही टिकली, आणि 1988 च्या उन्हाळ्यात तालिनच्या गीतोत्सवाच्या मैदानावर जमलेल्या लोकांनी गाण्यांच्याच बळावर स्वातंत्र्याची मागणी उच्चारली. आपल्या शेजारच्या गुजरातचा गरबा डिसेंबर 2023 मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेला. तोही फेरच आहे, आणि कोथरूडातल्या गुजरात कॉलनीसारख्या वसाहतीत नवरात्राच्या रात्री त्याचे स्वागत व्हावे, भोंडल्याने त्याच्याशी स्पर्धा न करता संध्याकाळ आपली ठेवावी आणि रात्र त्याला द्यावी, हे मला योग्य वाटते.

धोका आहे तो दुसरीकडून. अलीकडे मंगळागौरीचे खेळ बिदागी देऊन बोलावण्याची चाल पडली आहे. नऊवारी नेसलेल्या, उत्तम तयारीच्या बायका येतात. फुगडी, पिंगा, झिम्मा, सूप, लाटणे, गाठोडे असे खेळ लागोपाठ करून दाखवितात. आणि ज्या घरची मंगळागौर आहे त्या घरच्या लेकी-सुना खुर्च्यांवर बसून भ्रमणध्वनीत त्यांची चित्रे टिपतात. या बायकांचे कौशल्य खरे आहे, त्यातून अनेकींना मिळणारे उत्पन्न आणि आत्मविश्वास मोलाचा आहे, आणि अस्तंगत होऊ घातलेले खेळ त्यांनी जिवंत ठेवले हे उपकार आहेत. म्हणूनच माझी सूचना त्यांना न बोलावण्याची नाही, त्यांनी निम्मा वेळ शिकविण्यात घालवावा अशी आहे. फुगडी पाहून फुगडी येत नाही. समोरचीचे मनगट घट्ट धरून, तिच्या तोलावर आपला तोल सोपवून, एक गिरकी घेतल्याशिवाय त्या खेळातला विश्वास अंगात उतरत नाही. कोथरूडचे यशवंतराव चव्हाण नाट्यगृह हे या भागाचे भूषण आहे आणि तेथील रंगमंचावर जे सादर होते त्याला तोड नाही. परंतु नाट्यगृहात शेजारच्या खुर्चीवर बसलेला मनुष्य कोण हे जाणून घेण्याचे कारण पडत नाही, आणि दिवे लागल्यावर जो तो आपल्या वाहनाकडे चालू लागतो.

चैत्रात म्हातोबाचा उत्सव असतो. गावठाणातली मंडळी तो निष्ठेने करतात, पालखी निघते, ढोल-लेझीम होते. परंतु हाकेच्या अंतरावरील सदनिकांत राहणाऱ्या पुष्कळांना आपल्या ग्रामदैवताचे नावही ठाऊक नसते, आणि त्या दिवशी रस्ता का अडला याची चौकशी ते गच्चीवरून करतात. वास्तविक गावठाणातल्या तालमींत लेझीम शिकविणारे वस्ताद आहेत, सोसायट्यांत शिकू इच्छिणारी मुले आहेत, आणि महानगरपालिकेच्या शाळांची पटांगणे सायंकाळी रिकामी पडलेली असतात. फाल्गुनापासून आठवड्यातून दोन संध्याकाळी अशी दोन-तीन पटांगणे उघडी ठेवावीत, दिव्यांची आणि पाण्याची तजवीज पालिकेने करावी, शिकविण्याचे मानधन सोसायट्यांनी वर्गणीतून द्यावे, आणि मुलांची नावनोंदणी करताना सुतारदरा-किष्किंधानगर येथील मुलांना पहिल्या दिवसापासून बरोबरीने घ्यावे. आश्विनात त्याच पटांगणावर एका संध्याकाळी सर्व सोसायट्यांचा आणि वस्त्यांचा मिळून एकच भोंडला व्हावा, ज्यात खिरापतीची पाळी टेकडीवरच्या घरांकडेही जाईल. यासाठी नवे अनुदान, नवी समिती किंवा नवे सभागृह लागत नाही. पटांगणाच्या फाटकाची किल्ली कोणाकडे राहील आणि दिवे किती वाजेपर्यंत चालू राहतील, एवढ्याच दोन गोष्टी प्रभाग कार्यालयाशी बोलून ठरवावयाच्या आहेत.